शंकेलाही पाय टेकायला जागा लागते

प्रिय ताई,

मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. काही महिन्यांपूर्वी, आपण सगळे एखाद्या महासंगणकावर चाललेल्या सिम्युलेशनमध्ये आहोत का, या विषयावरचं एक भाषण ऐकलं आणि तिथून सगळं सुरू झालं. मग सतराव्या शतकातल्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा स्वप्नाचा युक्तिवाद वाचला. हे सगळं स्वप्न नाही हे मला सिद्ध करता येत नाही. टेबलाकडे बघितलं की वाटतं, हे तर बहुतेक सगळं पोकळच आहे, आपल्याला घट्ट वाटतं एवढंच. बहिणीशी बोलताना मध्येच मनात येतं, हिला खरंच मन आहे हे मला कशावरून माहीत? रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागते. कधीकधी सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं. मैत्रीण म्हणते, फार विचार करू नकोस, तत्त्वज्ञान हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. मला ते पटत नाही. पण अडीच हजार वर्षांत या लोकांना एकही प्रश्न सोडवता आला नसेल, तर मी तरी कशाला वाचू? आणि खरं काय ते कुणालाच कळलेलं नसेल, तर जगायचं कशाच्या भरवशावर?

— एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनीस,

फार विचार करू नकोस, असं मी तुला सांगणार नाही. तुला उत्तरं हवी आहेत, नुसती समजूत नको आहे, हे पत्रातून कळतंय. पण एक वाक्य तू ओघात लिहून पुढे गेलीस, तिथे मला आधी थांबायचं आहे: सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटणं. हा युक्तिवाद नाही, हा अनुभव आहे. आवाज लांबून आल्यासारखे वाटणं, ओळखीची खोली चित्रातली वाटणं, आपणच आपल्याला बाहेरून बघतोय असं वाटणं, याला मानसोपचारात डीरिअलायझेशन आणि डीपर्सनलायझेशन अशी नावं आहेत. अपुरी झोप, सततची चिंता, पॅनिकचा झटका यांच्यासोबत असं पुष्कळांना होतं आणि बहुतेक वेळा येऊन जातं. ते वारंवार होत असेल, टिकून राहत असेल, अभ्यासाच्या आड येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट आणि हेच वाक्य त्यांना जसंच्या तसं सांग. त्यांनी ते आधी ऐकलेलं असेल. देकार्तला खोडून काढल्याने ही काच जाणार नाही, आणि झोप नीट लागायला लागली म्हणून देकार्तचा प्रश्न सुटणार नाही. दोन्हींकडे स्वतंत्रपणे बघायला हवं.

यात कमीपणा काही नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम अठराव्या वर्षापासून तत्त्वज्ञानाच्या असा मागे लागला की काही वर्षांतच त्याची प्रकृती ढासळली. १७३४ मध्ये, वय तेविशीच्या आसपास असताना, त्याने एका डॉक्टरला उद्देशून लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात स्वतःची लक्षणं तपशीलवार मांडली. पुढे १७३९ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्याने लिहून ठेवलंय की शंकांनी डोकं भणाणून गेलं की तो जेवायला बसतो, मित्रांशी बॅकगॅमनचा डाव मांडतो, आणि तीन-चार तासांच्या करमणुकीनंतर तेच विचार त्याला थंड आणि ओढूनताणून आणलेले वाटतात. म्हणून त्याने लेखणी खाली ठेवली असं मात्र झालं नाही.

आता तुझ्या प्रश्नांकडे येते.

तू देकार्तच्या पहिल्या चिंतनात अडकली आहेस. त्याच्या १६४१ च्या पुस्तकात अशी सहा चिंतनं आहेत. पहिल्यात तो शेकोटीजवळ बसलाय, हातात कागद आहे, आणि तो स्वतःला विचारतो की अगदी हेच स्वप्नातही वाटलेलं नाही का? मग तो त्याहून पुढे जातो आणि आपल्याला सतत फसवणारी एक बलाढ्य, कपटी शक्ती कल्पून बघतो. बहुतेक वाचक त्याला तिथेच सोडतात. पण पुस्तकाच्या सुरुवातीला जोडलेल्या सारांशात देकार्तने स्वतःच स्पष्ट केलंय की जग आहे, माणसांना शरीरं आहेत, याबद्दल कुणाही शहाण्या माणसाने कधी मनापासून शंका घेतलेली नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? त्याला नव्या विज्ञानाचा पाया घालायचा होता, आणि कुठल्या ज्ञानावर किती भार टाकता येईल हे तपासायचं होतं. तपासणी झाल्यावर, सहाव्या चिंतनाच्या शेवटी, तो स्वप्नाकडे परत येतो आणि म्हणतो की जागेपणीच्या गोष्टी स्मृतीने उरलेल्या आयुष्याशी जोडल्या जातात, स्वप्नातल्या तशा जोडल्या जात नाहीत. आधीच्या अवास्तव शंका आता हसण्यावारी न्याव्यात, असं तो तिथे लिहितो.

हाच मुद्दा आपल्याकडे कितीतरी आधी येऊन गेला होता. ब्रह्मसूत्रात ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’ असं एक सूत्र आहे: जागेपणीचं ज्ञान स्वप्नासारखं नाही, कारण दोघांचे धर्म वेगळे आहेत. त्यावर शंकराचार्यांचं भाष्य वाचण्यासारखं आहे. स्वप्नात लोकांचा मोठा मेळा भेटतो, आणि जाग आल्यावर माणूस म्हणतो की मला तो मेळा खोटाच दिसला. जागेपणी पाहिलेला खांब मात्र कुठल्याच अवस्थेत असा रद्द होत नाही. जग मिथ्या म्हणणारे म्हणून जे ओळखले जातात, तेच आचार्य इथे बाह्य वस्तूंची बाजू घेऊन विज्ञानवादी बौद्धांशी, म्हणजे मनाबाहेर वस्तू नाहीतच म्हणणाऱ्यांशी, भांडताहेत! त्यांच्या मते ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहारातल्या जगाचं खरेपण अबाधित आहे, आणि दोरीवर दिसलेल्या सापाला ते या जगाच्या पंक्तीला कधीच बसवत नाहीत.

यावर विज्ञानवाद्यांचं उत्तर तयार होतं. त्यांच्यातल्या वसुबंधूने आधीच म्हणून ठेवलं होतं की जो अजून जागा झालेला नाही, त्याला स्वप्नातली वस्तू नव्हती हे कळत नाही. म्हणजे आपण अजून जागे झालेलोच नसू तर? तुला रात्री छळणारा प्रश्न हाच आहे, आणि एवढ्यावर तो बंद होत नाही. तो पुरता बंद झालाय असं मी तुला सांगणार नाही. पण इथून पुढे जी वाट नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, काढली ती तुला कुणी दाखवलेली दिसत नाही, आणि माझ्या मते तुझ्या कामाची तीच आहे.

नैयायिकांनी शंकेलाच अभ्यासाचा विषय केलं. न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांचा, म्हणजे विचाराच्या विषयांचा, विचार आहे त्यात संशय हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं: संधिप्रकाशात दूरवर काहीतरी उंच, उभं दिसतंय. खांब आहे की माणूस? ही शंका उभी राहायला काय काय लागतं ते बघ. समोर काहीतरी आहे हे दिसलेलं लागतं. खांब कसा असतो, माणूस कसा असतो, हे दोन्ही आधी माहीत असावं लागतं. उंची दोघांत असते हे आठवावं लागतं. आणि ज्याने निकाल लागेल ते, हात किंवा ढोली, अजून दिसत नाही हेही लक्षात यावं लागतं. ज्याने खांबही पाहिला नाही आणि माणूसही पाहिला नाही, त्याला ही शंका येऊच शकत नाही.

दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयनाचार्य या नैयायिकाने हे आणखी ताणलं. समोर चार्वाक होता, डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणारा. त्याचं म्हणणं असं: धूर दिसला की तिथे अग्नी असणार, असं तुम्ही अनुमान करता, पण आजवर दिसलं ते दिसलं, दुसऱ्या एखाद्या ठिकाणी, पुढच्या एखाद्या काळी, अग्नीविना धूर असेलही. ह्यूमनेही पुढे साधारण हाच प्रश्न विचारला. उदयन म्हणतात, ‘शङ्का चेदनुमास्त्येव’, शंका असेल तर अनुमान आहेच. कारण दुसरं ठिकाण आणि पुढचा काळ तुला डोळ्यांनी दिसलेला नाही. तो आहे हे तू अनुमानानेच धरून चालला आहेस, आणि त्याच्या आधारावर उभा राहून अनुमानावर शंका घेतोस. मग ते शंकेची हद्द सांगतात: ‘व्याघातावधिराशङ्का’. आपल्याच वागण्याशी विरोध येतो तिथे शंका संपते. धूर हवा म्हणून जो अग्नी पेटवतो, भूक लागली म्हणून जो जेवतो, आपलं म्हणणं दुसऱ्याला कळावं म्हणून जो बोलतो, तो या संबंधांवर खरोखर शंका घेत नाही. तोंडाने म्हणतोय एवढंच.

तू मला पत्र लिहिलंस. ते वाचणारं, समजणारं आणि उत्तर देणारं कुणीतरी आहे हे धरूनच लिहिलंस.

वाद इथे संपला नाही, हेही सांगायला हवं. बाराव्या शतकात श्रीहर्षाने उदयनांचाच श्लोक शब्द थोडे फिरवून त्यांच्यावर उलटवला: विरोध दाखवायचा तर शंका आहे हे आधी मान्य करावं लागतं, मग विरोधाने शंका संपेल कशी? चौदाव्या शतकात गंगेश या नैयायिकाने त्याला पुन्हा उत्तर दिलं. मला स्वतःला गंगेशाची बाजू सरस वाटते, कारण तो माणसाचं वागणं आणि शंका यांच्यातली विसंगती दाखवतोय, शंकेच्या अस्तित्वावर त्याचं काही अडत नाही. पण श्रीहर्ष वाचताना घाम फुटतो हे खरं. पुढे कित्येक शतकांनी, वेगळ्याच भाषेत, विटगेन्श्टाइन हा तत्त्वज्ञ याच गावी पोचला. १९५१ मध्ये मृत्यूच्या दोन दिवस आधीपर्यंत तो निश्चिततेवर टिपणं लिहीत होता, आणि त्यांत तो म्हणतो की सगळ्यावर शंका घ्यायला निघालेल्याला एकाही गोष्टीवर शंका घेता येणार नाही. शंका घेण्याच्या खेळातच निश्चितता आधी धरलेली असते.

तुझी अडचण माझ्या मते अशी आहे: ‘मला माहीत आहे’ आणि ‘मी चुकण्याची शक्यता शून्य आहे’ या दोन गोष्टी तू एकच धरल्या आहेस. प्रयोगशाळेत तू असं धरत नाहीस. तिथे मोजमापासोबत त्रुटीची मर्यादा लिहितेस आणि तरी ‘मोजलं’ असंच म्हणतेस. न्यायसूत्रांत यासाठी तराजूचं उदाहरण आहे. प्रमाणं म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं; त्या प्रमाणांना प्रमाण काय, असा प्रश्न तिथे येतो. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने हाच प्रश्न फार धारदार केला होता: एक प्रमाण दुसऱ्याने सिद्ध करायचं तर त्याला तिसरं लागणार, आणि याला अंत नाही. नैयायिक म्हणतात, तराजूने आपण सोनं तोलतो, आणि तराजूबद्दल शंका आली तर माहीत असलेल्या वजनाच्या सोन्याने तराजूही तपासतो. कुठलंही साधन तपासता येतं. सगळी साधनं एकदम बाजूला ठेवून तपासणी मात्र करता येत नाही, कारण मग तपासायचं कशाने?

हे हाताशी ठेवून तुझ्या बाकीच्या शंका बघ. सिम्युलेशनचा जो युक्तिवाद गाजतो तो निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाचा, २००३ सालचा. आपण सिम्युलेशनमध्ये आहोत असा त्याचा निष्कर्षच नाही. तीनपैकी निदान एक गोष्ट खरी असणार, एवढंच तो म्हणतो: तेवढी क्षमता येण्याआधीच जवळजवळ सगळ्या संस्कृती नष्ट होतात, किंवा क्षमता आली तरी पूर्वजांची सिम्युलेशन्स चालवण्यात जवळजवळ कुणालाच रस नसतो, किंवा आपण जवळजवळ नक्की अशा सिम्युलेशनमध्ये आहोत. भाषणात पहिल्या दोन शक्यता बहुधा घाईत उरकल्या असतील. शिवाय तिसरी खरी मानली, तर संगणकांची क्षमता किती वाढू शकते हे ज्या भौतिकशास्त्रावरून काढलं, ते भौतिकशास्त्र सिम्युलेशनच्या आतलंच ठरतं. उदयनांनी चार्वाकाला विचारलेला प्रश्न इथेही विचारता येतो. आणि डेव्हिड चाल्मर्ससारखा आजचा तत्त्वज्ञ तर म्हणतो की समजा आपण सिम्युलेशनमध्ये असलो, तरी टेबल खोटं ठरत नाही. ते कशाचं बनलंय याबद्दलची आपली समजूत तेवढी बदलेल.

टेबलाचा विषय तुझ्या घरचाच आहे. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टनने १९२७ च्या व्याख्यानांत सांगितलं की त्याच्यासमोर दोन टेबलं आहेत: एक रोजचं, घट्ट, रंग असलेलं, दुसरं विज्ञानाचं, बहुतेक सगळं पोकळ, ज्यात विद्युतभार वेगाने फिरताहेत. खरं ते दुसरं, असं तो म्हणाला. १९३७ मध्ये सुझन स्टेबिंग या तत्त्वज्ञ बाईने त्याची खरमरीत झाडाझडती घेतली. तिचा मुद्दा असा की ‘घट्ट’ म्हणजे काय हे आपण टेबलासारख्या, फळीसारख्या वस्तूंवरूनच शिकलो. फळीच घट्ट नसेल, तर पोकळ कशाच्या तुलनेत म्हणायचं? कोपर टेकवलं की टेबल त्याला आत जाऊ देत नाही, घट्टपणा तो हाच. तो कशामुळे आहे हे तुला अभ्यासक्रमात शिकवलंय: इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा पाउलीचा अपवर्जन नियम. विज्ञानाने घट्टपणाचं कारण दिलंय, तो काढून घेतलेला नाही.

बहिणीबद्दल लिहिलंस ते वाचून मला जरा वाईट वाटलं, कारण ही शंका माणसाला फार एकटं पाडते. म्हणून हे सांगते. सातव्या शतकातला धर्मकीर्ती हा बौद्ध तर्काचा शिरोमणी. मनाबाहेर जड वस्तू आहेत हे विज्ञानवाद मानत नाही. त्याच विज्ञानवादाच्या चौकटीत राहून धर्मकीर्तीने दुसऱ्यांची मनं आहेत हे सिद्ध करायला एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो आज तिबेटी भाषांतरात शिल्लक आहे. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: माझ्या बोलण्या-चालण्यामागे माझी इच्छा असते हे मला ठाऊक आहे, तसंच बोलणं-चालणं माझ्या इच्छेशिवाय घडताना दिसतं, तेव्हा त्यामागे दुसऱ्या कुणाची तरी इच्छा असणार. अकराव्या शतकात रत्नकीर्ती या बौद्धानेच तो खोडायचा प्रयत्न केला. तुला धर्मकीर्ती पुरेसा वाटतो का, ते वाचून ठरव. पण एवढं लक्षात घे की भिंत आणि टेबल सोडून द्यायची तयारी असलेल्या माणसालाही दुसऱ्याचं मन सोडवलं नाही.

अडीच हजार वर्षांत एकही प्रश्न सुटला नाही, हे म्हणणं मला मान्य नाही. जे प्रश्न सुटायच्या वळणावर आले ते वेगळे होऊन स्वतंत्र विषय झाले, त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या खात्यावर ते दिसत नाहीत. सिद्धता म्हणजे नेमकं काय, हा तर्कशास्त्राचा जुना प्रश्न. फ्रेगे, हिल्बर्ट यांच्या हातून तो १९३६ मध्ये ट्युरिंगपर्यंत आला आणि त्यातून संगणकाची कल्पना निघाली. तुझं ते महासंगणकाचं भाषण त्याशिवाय झालंच नसतं.

जे सुटले नाहीत तेही होते तसे राहिलेले नाहीत. देकार्तने मन आणि शरीर ही दोन पूर्ण वेगळी तत्त्वं मानली: शरीर जागा व्यापतं, मन व्यापत नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ तेव्हा २४ वर्षांची होती, हेगमध्ये कुटुंबासह निर्वासित म्हणून राहत होती. मे १६४३ मध्ये तिने त्याला पत्र लिहून विचारलं, जे जागाच व्यापत नाही ते शरीराला हलवणार कसं? देकार्तने जडपणाचा दाखला दिला: जडपणा वस्तूला खाली ओढतो, पण तो काही तिला पृष्ठभागाने ढकलत नाही. राजकन्येने जूनमध्ये उलट लिहिलं की तुमची ही जडपणाची कल्पना तुम्हीच चुकीची ठरवली आहे, ती इथे कशी चालेल? त्यापेक्षा आत्मा जागा व्यापतो हे मान्य करणं मला सोपं जातं. देकार्तला यावर धड उत्तर देता आलं नाही. पुढे सहा-साडेसहा वर्षं दोघांची पत्रं चालू होती, आणि तेव्हापासून आजवर मन वेगळं मानणाऱ्या प्रत्येकाला तिच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. मला तरी ही प्रगतीच वाटते.

त्याच पत्रव्यवहारात, २८ जून १६४३ च्या पत्रात, देकार्तने तिला आपली दिनचर्या सांगितली आहे. कल्पनाशक्तीला काम देणाऱ्या विचारांना, म्हणजे गणितासारख्यांना, तो दिवसातले काही तास देई; निव्वळ बुद्धीच्या, सत्ताशास्त्राच्या म्हणजे मुळात काय आहे याच्या विचारांना वर्षातले काही थोडे तास; उरलेला वेळ इंद्रियांना विसावा आणि मनाला शांतता. शरीर आणि मन एकत्र कसे नांदतात हे रोजच्या जगण्यातून आणि बोलण्यातूनच कळतं, असंही त्याने तिला लिहिलं. पहिल्या चिंतनाच्या कर्त्याचं हे वेळापत्रक आहे. तू रोज रात्री तीनपर्यंत तेच करते आहेस.

तेव्हा दिवसा वाच, झोपण्याआधी नको. पहिलं आणि दुसरं चिंतन एका बैठकीत वाच, पहिल्यावर पुस्तक मिटू नकोस. त्यानंतर राजकन्येची पत्रं घे. उदयन एकदम अंगावर घेऊ नकोस. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनभाष्यातला संशयाचा भाग आधी कर, तोही कुणी जाणकार सोबत असेल तर बरं. आणि बहिणीला सांग की तुला रात्री झोप येत नाही. बाकीचं तिला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण एवढं आजच सांग.

दुसऱ्या चिंतनात एक मेणाचा तुकडा येईल. नुकताच पोळ्यातून काढलेला, मधाची थोडी चव राहिलेला, फुलांचा वास असलेला, थंड, टिचकी मारली तर वाजणारा. देकार्त त्याला विस्तवाजवळ नेतो. चव जाते, वास जातो, आकार मोडतो, तो ऊन आणि पातळ होतो, वाजत नाही. तरी तो तोच तुकडा आहे, हे कशाने कळलं? इंद्रियांनी नाही, बुद्धीने, असं देकार्त म्हणतो. मला ते पूर्ण पटत नाही: वितळताना तो सबंध वेळ त्याच्याकडे बघत बसला होता, आणि नजर एकदाही हलली नाही याचा हिशेब त्याने धरलेला नाही. तुझं काय म्हणणं पडतं ते लिहून कळव.

तुझी,
ताई